व्हर्जिल स्टोप्काची अदलाबदल

व्हर्जिल स्टोप्काने अर्ध्या पोर्ट हॅनिंगला नापास केलं होतं. उरलेलं अर्धं गाव एक तर त्याच्या नोकरीआधीच गाडी शिकलं होतं, नाही तर त्या दिवशी तो रजेवर होता. ओहायोतल्या त्या सरोवराकाठच्या गावात लायसन्सची परीक्षा तो घ्यायचा. शेजारच्या सीटवर येऊन बसायचं, पट्टा लावायचा आणि समोरच्याला घाम फुटेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही, ही त्याची पद्धत. निवृत्त झाल्यावर परीक्षेला बसायला माणसं मिळेनात, म्हणून त्याने बेसबॉलचे खेळाडू घेतले. ते बिचारे टीव्हीत होते. त्यांना ऐकू जात नव्हतं, एवढंच त्यांचं सुख.

गावापासून दीड तासावर शहर आणि शहराचा संघ लेकमेन. उन्हाळाभर लेकमेन हरत, आणि हरणारा संघ बघायला काही अक्कल लागत नाही. अक्कल लागते हिवाळ्यात. मैदानावर बर्फ असतो, खेळाडू आपापल्या घरी मासे पकडत असतात, आणि संघाचे मालक कोणाला विकायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, करार संपून मोकळा झालेला कुठला खेळाडू पळवायचा याचा घोळ घालत बसतात. मालकांना हे एकट्याने झेपत नाही अशी पोर्ट हॅनिंगची ठाम समजूत होती. म्हणून रोज सकाळी पर्लच्या डोनटच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर, त्यांना फुकट सल्ला देण्यासाठी बैठक भरायची. मालकांनी तो एकदाही मागितला नव्हता. लेकमेन हरतात ते त्यामुळेच, असं व्हर्जिलचं म्हणणं.

खिडकीच्या टेबलावर तिघं जण. एक व्हर्जिल. दुसरा गस थिओडोरू, ज्याचं गालिच्यांचं दुकान होतं. गसला दर हिवाळ्यात देशातला सगळ्यात महागडा खेळाडू हवा असायचा. स्वतःच्या दुकानात तो गिऱ्हाइकाला एक डॉलर सोडायचा नाही, पण मालकाच्या तिजोरीतले करोडो डॉलर कॉफी गार होण्याआधी उधळून मोकळा व्हायचा. तिसरा एल्मर हॉलेनबेक, शाळेत गाणं शिकवायचा. एल्मरला कोणालाच विकायला नको असायचं. त्याचं चाललं असतं तर लेकमेनच्या संघात सगळे काठी टेकत खेळले असते.

त्या डिसेंबरात वाद चालला होता एका डावखुऱ्या पिचरवरून, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावरून. तो टेक्सासच्या संघाबरोबरचा करार संपून मोकळा झाला होता आणि सहा वर्षांचा करार मागत होता.

"देऊन टाका!" गस म्हणाला. "असा डावा हात पुन्हा मिळायचा नाही."

"सहा वर्षं?" व्हर्जिलने डोनटवरची साखर झटकली. "अरे, माझ्या फ्रिजला पाच वर्षांची हमी होती, आणि तो फ्रिज नुसता एका जागी उभा राहायचा. हा तर हात फिरवतो."

"मग तुझं म्हणणं काय? पिचरशिवाय खेळायचं?"

"माझं म्हणणं नेस्टरला विका."

झालं. एल्मरने कप खाली ठेवला. नेस्टर पालासिओस हा लेकमेनचा कॅचर, सामनाभर उकिडवं बसून पिचरचे चेंडू झेलणारा. त्याने आख्खं आयुष्य याच संघात काढलं होतं, आणि हरण्याचीही त्याला आता सवय झाली होती. वय चौतीस.

"नेस्टरला का?" एल्मर म्हणाला. "त्याने काय केलंय?"

"वाढदिवस केलेत. फार केलेत. चौतीस वर्षांचा कॅचर म्हणजे काय सांगू, गुडघ्यांच्या डॉक्टरचं घर चालवणारा माणूस. आज त्याला भाव आहे. पुढच्या वर्षी तो रस्त्यावर ठेवला तरी कोणी उचलणार नाही. त्याच्या बदल्यात वीस वर्षांची दोन पोरं आणा."

"माणूस आहे रे तो."

"म्हणूनच विकायचा. यंत्र असतं तर दुरुस्त केलं असतं."

हे त्याने एकदा म्हटलं असतं तर ठीक होतं. पण व्हर्जिलला एखादा विचार सुचला की तो बर्फ वितळेपर्यंत टिकायचा. डिसेंबरभर त्याने नेस्टरला विकला. ख्रिसमसच्या आदल्या सकाळी विकला. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेला मासा खाताना, पलीकडच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबालाही विकून दाखवला. गस तोंड उघडायचा तेवढ्यात व्हर्जिल म्हणायचा, "थांब, माझं संपलं नाही." आणि ते खरंच कधी संपायचं नाही.

जानेवारीत लेकमेनने नेस्टरला विकलं. पश्चिमेकडच्या कुठल्याशा संघाला, वीस-एकवीसच्या दोन पोरांच्या बदल्यात.

त्या सकाळी व्हर्जिल दुकानात शिरला तो नवरदेवासारखा. पर्लला म्हणाला, सगळ्यांना माझ्याकडून डोनट. हे ऐकून पर्लने खात्री करून घेण्यासाठी दोनदा विचारलं. खुर्चीवर बसून त्याने मांडी थोपटली आणि म्हणाला, "हां! शेवटी कोणीतरी माझं ऐकलं!" मग त्याने सगळा डिसेंबर पहिल्यापासून परत बोलून दाखवला.

एल्मर डोनटला हात लावत नव्हता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "डोरिसने त्याला टोपी विणून पाठवली होती."

डोरिस म्हणजे एल्मरची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिने एकदा, एप्रिलच्या थंडीत सामने असतात म्हणून, नेस्टरला लोकरीची टोपी पाठवली होती, आणि त्याने ती सरावाच्या वेळी घातली होती. पेपरात फोटो आला होता. एल्मरच्या स्वयंपाकघरात तो चिकटवलेला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"मग काय झालं?" व्हर्जिल म्हणाला. "टोपी घालता येते म्हणून कॅचर ठेवतात का? टोपी तर मलाही घालता येते."

गस खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर बर्फाखेरीज काही नव्हतं, पण त्याने ते फार लक्षपूर्वक पाहिलं. एल्मर उठला, कोट घातला आणि गेला. व्हर्जिलने त्याचा डोनट खाल्ला. वाया कशाला घालवायचा.

दोन-तीन दिवसांनी तो नेहमीप्रमाणे आला तर त्याच्या खुर्चीवर बर्नाडीन कोस्याक बसली होती.

बर्नाडीन ही हीटरजवळच्या टेबलाची. तिथे तीन बायका रोज पत्ते खेळत. बर्नाडीन, शाळेतली जुनी स्वयंपाकीण लुसील बॅब, आणि विल्मा टेसार. विल्माचा नवरा एड दोन वर्षांपूर्वी गेला होता. खिडकीचं टेबल आणि हीटरचं टेबल यांच्यात दहा पावलांचं अंतर होतं, आणि व्हर्जिलच्या मते निदान शंभर वर्षांचं.

"बर्नाडीन, ती माझी खुर्ची आहे," तो म्हणाला.

"होती," बर्नाडीन म्हणाली.

एल्मर घसा साफ करून उभा राहिला. शाळेच्या कार्यक्रमात मुलांना स्टेजवर बोलवायचा तसाच. "व्हर्जिल, आम्ही तुझी अदलाबदल केली."

"काय केली?"

"तुला हीटरच्या टेबलाला दिलं. बदल्यात बर्नाडीन घेतली. वर एक अक्रोडाचा गोड रोल, तो ती रविवारी करून आणणार आहे."

गसने कपात तोंड घातलं. त्याचे खांदे हलत होते.

"फार छान," व्हर्जिल म्हणाला. "विनोद झाला. ऊठ आता, बर्नाडीन."

"विनोद नाही," एल्मर म्हणाला. "तूच शिकवलंस. माणसाला भाव असतो तेव्हाच द्यावं. तुझं वय एकाहत्तर. गुडघे गेलेत. सहा हिवाळे झाले, तोच तोच खेळ. नवीन काही येत नाही. बर्नाडीन तुझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, आणि दुसरा बोलत असताना ऐकते. आमच्या टेबलाला ऐकणाऱ्या माणसाची फार दिवस गरज होती."

"आणि मला विचारलं कोणी?"

"नेस्टरला कोणी विचारलं होतं?"

"त्याच्या करारात तसं लिहिलेलं असतं!"

"तुझ्या करारात काय लिहिलंय?" एल्मरने अगदी कळवळून विचारलं.

 पर्ल भांडी धुता धुता थांबली. दहा पावलांवरून लुसीलचा आवाज आला. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलायची. "आला का आमचा माणूस? बोका दिसतोय अगदी. पत्ते येतात का त्याला?"

तो हीटरच्या टेबलाकडे गेला नाही. दार आपटून बाहेर पडला. ते दार आपोआप हळूहळू मिटणारं होतं, त्यामुळे आपटताही आलं नाही.

घरी त्याने आयरीनला सांगितलं. आयरीन त्याची बायको. एवढी वर्षं शेजारच्या सीटवर तीच बसत आली होती, आणि त्याच्या परीक्षेत नापास होऊनही टिकलेली ती एकटीच. ती बटाटे सोलत होती.

"तुझ्या बदल्यात काय मिळालं त्यांना?" तिने विचारलं.

"बर्नाडीन कोस्याक."

"आणि?"

"आणि अक्रोडाचा रोल."

आयरीनने सुरी खाली ठेवली. "अख्खा रोल? अरे, मग लुबाडलं की त्यांनी हीटरवाल्यांना! मी इतकी वर्षं कान देऊन आहे, पण तुझ्यासाठी मला कोणी साधं पावसुद्धा देऊ केलं नाही."

"हसू नकोस."

"हसत नाही. भाव विचारतेय."

त्या रात्री तो जेवला कमी आणि बोलला त्याहून कमी. आयरीनला वाटलं, बरं झालं. मग जराशाने तिला वाटलं, अगदीच बरं नाही झालं. पण ते ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी व्हर्जिलने जाहीर केलं की आपण कोणाच्याही मालकीचे नाही, मोकळे खेळाडू आहोत, आणि बाजारात आपल्यासाठी रांग लागेल. बाजार म्हणजे दोन ठिकाणं. पहिलं हायवेवरचं बर्गरचं दुकान. तिथे म्हातारे बसत, पण ते नुसते फुटबॉलवर बोलत. व्हर्जिलने डावखुऱ्या पिचरचा विषय काढल्यावर एकाने त्याला, "बेसबॉल अजून खेळतात का?" असं विचारलं. दुसरं ठिकाण म्हणजे सुपरमार्केटच्या कोपऱ्यातलं कॉफीचं यंत्र. तिथे चौघं बसली होती, एक खुर्ची रिकामी. व्हर्जिल जवळ गेला तसा त्यातल्या टक्कल पडलेल्या माणसाने त्या खुर्चीवर टोपी ठेवली.

"इथे कोणी बसलंय का?" व्हर्जिलने विचारलं.

"मला तीनदा नापास केलं होतंस," टकल्या म्हणाला. "तिसऱ्यांदा तर मी गाडी सुरूही केली नव्हती."

"आरसा नीट केला नव्हता तू."

"बघा!" टकल्या बाकीच्यांना म्हणाला. "आठवतंय त्याला!"

आठवडाभर घरी खिडकीशी बसून काढल्यावर व्हर्जिलला कळलं की एकाहत्तर वर्षांच्या मतांना बाजारात उठाव नाही. आयरीनने झाडूने त्याच्या पायांखालची जागा दोनदा झाडली, तेव्हा तो उठला, कोट घातला आणि पर्लच्या दुकानात गेला. खिडकीकडे न बघता सरळ हीटरच्या टेबलाशी जाऊन बसला.

"उशीर केलात," लुसील ओरडली. "त्या खुर्चीत नका बसू, ती चांगली आहे. नव्या माणसाला ही डुगडुगती. आणि कॉफी तुम्ही आणायची."

"का?"

"नवीन आलात ना! आधी खालच्या पायरीवर राबायचं. तुमच्या बेसबॉलमध्येही तसंच असतं म्हणे."

कॉफी त्याने आणली. पत्ते खेळला, आणि वाईट खेळला. लुसील उघड उघड शेजाऱ्याचे पत्ते बघायची. त्याने तसं म्हटल्यावर तिला ऐकू आलं नाही. लेकमेनचा विषय तिथेही निघायचा, नाही असं नाही. पण त्यांना कोणाला विकायचं, कोणाला घ्यायचं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. कोणाला मूल झालं, कोणाचं लग्न मोडलं, कोण आईला दर रविवारी फोन करतो हे त्यांना पाठ होतं. व्हर्जिलच्या मते ही माहिती अत्यंत निरुपयोगी होती. ऐकायला मात्र तो पुढे वाकायचा.

विल्मा कमी बोलायची. पत्ते संपल्यावर ती दारात उभी राहून बर्नाडीनची वाट बघायची, कारण तिला घरी सोडणारी तीच. बर्नाडीन आता खिडकीच्या टेबलावर इतकी रमली होती की विल्मा अर्धा-अर्धा तास ताटकळायची. एकदा व्हर्जिल तिच्याजवळ थांबला.

"एडची गाडी आहे ना घरी? स्वतः का चालवत नाही?"

विल्माने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही मला नापास केलंत."

"कधी?"

"माझे केस काळे होते तेव्हा. दोनदा. पहिल्यांदा मी थांबायच्या पाटीला थांबले नाही, ते बरोबरच होतं. दुसऱ्यांदा तुम्ही गाडीत येऊन बसलात आणि मला रडू फुटलं."

"त्याला नापास करतात," व्हर्जिल म्हणाला. "डोळ्यांत पाणी असलं की रस्ता दिसत नाही."

"हो. एडही हेच म्हणाला. मग म्हणाला, जाऊ दे, मी आहे ना." तिने हातमोजे ओढून घट्ट केले. "आणि होताही तो, बरीच वर्षं."

व्हर्जिल जरा वेळ गाडीच्या किल्ल्या वाजवत राहिला. मग दुखऱ्या दाताबद्दल बोलावं तसं म्हणाला, "शिकाऊ परवाना काढा. पुढच्या सोमवारी दुपारी चर्चच्या मागच्या पटांगणात. मला तसंही दुपारी काही काम नसतं."

"तुमच्याकडून शिकू?" विल्मा म्हणाली. "त्यापेक्षा मी बर्नाडीनची वाट बघेन."

पण सोमवारी ती आली. एडची गाडी लुसीलच्या पुतण्याने आणून ठेवली होती. व्हर्जिल शेजारच्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि सवयीने गप्प झाला. गाडी दोनदा गचके देऊन बंद पडली.

"बोला काहीतरी!" विल्मा ओरडली.

"काय बोलू?"

"काहीही! तुम्ही गप्प बसलात की मला वाटतं परीक्षाच चाललीय. एरवी तर तुमचं तोंड थांबत नाही! त्या कॅचरचं बोला!"

व्हर्जिलला आयुष्यात पहिल्यांदा कोणी बोलायची विनंती करत होतं. त्याने घसा खाकरला आणि सुरुवात केली. नेस्टर, गुडघे, चौतीस, दोन पोरं, भाव. विल्माने क्लच सोडला आणि गाडी सरळ चालायला लागली. चर्चभोवती तिने तीन फेऱ्या मारल्या.

मग हेच चालू झालं. तो बोलायचा, ती चालवायची. डावखुऱ्या पिचरच्या सहा वर्षांवर ती डावीकडे वळायला शिकली. गसच्या महागड्या स्वप्नांवर मागे गाडी घ्यायला. मधूनच ती विचारायची, "नेस्टरची मुलगी शहरातल्याच शाळेत होती ना? मध्येच काढली तिला?"

"त्याचा इथे संबंध काय? ब्रेक."

"संबंध नाही कसा? दुसरीत आहे ती. आता नव्या शाळेत कोणाशी बोलायचं तिने?"

"विल्मा, ब्रेक!"

एका दुपारी, फेब्रुवारीच्या शेवटी, रस्त्यावरचं मीठ टायरांखाली करकरत असताना, ती म्हणाली, "डोरिसने ती टोपी दोनदा विणली होती, माहितीय? पहिली लहान झाली असती. मोठ्या डोक्याचा माणूस आहे म्हणून सगळी उसवली. तेव्हा तिची औषधं सुरू झाली होती. बोटं सुजायची. मी म्हटलं, अगं दुकानातून घे. तर म्हणाली, दुकानातली तो कशाला घालेल. मी लोकर धरून बसायचे तिच्याजवळ."

 कोपरा आला. गाडीने एक गचका खाल्ला.

"बोला ना!" विल्मा म्हणाली.

"बोलतोय," व्हर्जिल म्हणाला, आणि बोलला नाही. गाडी बंद पडली.  मग त्याने स्वतःहून विषय काढला, पण नेस्टरचा नाही, हवामानाचा.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. बर्नाडीन बोलत होती आणि गस "थांब, मला जरा..." एवढंच म्हणू शकत होता.

"एल्मर," व्हर्जिल म्हणाला, "ते टोपीचं मी बोललो ना, ते फालतू होतं."

एल्मरने वर पाहिलं. "हो. होतं."

"एवढंच?"

"मग आणखी काय? बक्षीस देऊ?"

"नको," व्हर्जिल म्हणाला, आणि परत जाऊन डुगडुगत्या खुर्चीवर बसला. एल्मरने थोड्या वेळाने पर्लकरवी हीटरच्या टेबलाला एक डोनट पाठवला. तो लुसीलने खाल्ला.

मार्चमध्ये विल्माची परीक्षा झाली. व्हर्जिल लायसन्सच्या ऑफिसातल्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसला. याच भिंतींच्या आत तो कोणाच्याही कुठल्याही नातेवाइकाकडे बघत नसे. आता खिडकीच्या काचेला नाक लावून तो बघत होता. परीक्षक होता एक तिशीतला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, तोंड शिवलेलं. प्लास्टिकच्या शंकूंमधून गाडी मागे घेताना विल्माचा एका शंकूला धक्का लागला. मुलाने नापास केलं.

"धक्का?" व्हर्जिल बाहेर धावत गेला. "त्याला धक्का म्हणतात? वाऱ्याने हलला तो!"

"आजोबा, तुम्ही कोण?"

"मी कोण? मी इथे... अरे, माणूस आहे ती! नवरा गेलाय तिचा! गाडीत बसून जरा बोलायचं तिच्याशी! दगडासारखा बसलास तर कोणीही गडबडेल!"

"परीक्षकाने बोलायचं नसतं," मुलगा म्हणाला. "जुनी पद्धत आहे इथली."

विल्मा गाडीला टेकून उभी होती. तिला रडू येणार म्हणून व्हर्जिलने रुमाल काढला, तर ती हसत होती, इतकी की तिला गाडीचा दरवाजा धरावा लागला.

दोन आठवड्यांनी ती पास झाली. शंकूंमधून गाडी मागे घेताना ती पुटपुटत होती, "चौतीस, गुडघे, दोन पोरं." परीक्षकाला वाटलं, बाई प्रार्थना म्हणतेय.

एप्रिल उजाडला, लेकमेन पहिला सामना हरले, आणि त्याच आठवड्यात एल्मर हीटरच्या टेबलाशी आला. हातात टोपी, चेहरा ओढलेला.

"अदलाबदल परत करायचीय," तो म्हणाला. "बर्नाडीन घ्या, व्हर्जिल द्या."

"का?" लुसील ओरडली. "ऐकून घेते ना ती?"

"घ्यायची. आठवडाभर. नंतर तिला मतं आली. आता ती म्हणते, सगळा संघ विका. मैदानही विका. गस घरी बसून कॉफी पितोय." त्याने आवाज खाली आणला. "निदान व्हर्जिल श्वास घ्यायला थांबायचा."

बायकांनी आपसात पाहिलं. व्हर्जिल पत्त्यांकडे बघत राहिला. त्याच्या हातात चांगले पत्ते होते आणि ते त्याला दिसत नव्हते. लुसीलने त्याला उठायला सांगितलं, म्हणजे आम्हाला बोलता येईल. तो पर्लच्या काउंटरशी जाऊन उभा राहिला. लुसील कुजबुजत होती, त्यामुळे त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"पत्ते वाईट खेळतो."

"हो," विल्मा म्हणाली.

"तोंडाचा पट्टा चालू असतो."

"हो. मला ते बरं पडतं."

"कॉफी मात्र वेळेवर आणतो."

मग विल्मा उठली आणि एल्मरला म्हणाली, "नाही द्यायचा. तुम्हाला हवा तर वर्षभराने विचारा. पण तेव्हा भाव वाढलेला असेल."

एल्मरने टोपी डोक्यावर ठेवली. व्हर्जिलकडे पाहून त्याने हात पसरले, माझा काही इलाज नाही, अशा अर्थाने. मग जाऊन बर्नाडीनसमोर बसला. तिने त्याच्या येण्याची वाट न बघता वाक्य पुढे सुरू केलेलंच होतं.

त्या दिवशी विल्माने व्हर्जिलला घरापर्यंत सोडलं. वाटेत त्याने तिला दोन चुका सांगितल्या, आणि तिने एकही ऐकली नाही. घरात आल्यावर त्याने कोट खुंटीला लावला, स्वयंपाकघरात शिरला, भांड्याचं झाकण उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं.

"एल्मर मागायला आला होता मला," तो म्हणाला. सहज म्हटल्यासारखं.

"आणि?"

"त्यांनी दिलं नाही. भाव वाढलाय म्हणे."

आयरीनने बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी उकळत्या पाण्यात सोडल्या. यावर तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ती ते बोलायच्या बेतातही होती. पण त्याचा चेहरा पाहिला आणि तिने वेगळंच विचारलं.

"आणि तुला काय हवं होतं?"

व्हर्जिल खुर्ची ओढून बसला. सगळ्या हिवाळ्यात हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने स्वतःनेही नाही. जरा विचार करून तो म्हणाला,

"लुसील पत्त्यांत लबाडी करते. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं."